जगाचा अन्नप्रश्न आणि दुकानाची फळी

‘जागतिक अन्नसमस्येचे स्वरूप स्पष्ट करा.’ या आशयाचा प्रश्न पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे केव्हा ना केव्हा येतोच. तो वाणिज्य शाखेचा असो, कला शाखेचा असो किंवा विज्ञानाचा, पर्यावरण अभ्यासाचा पेपर त्याला चुकत नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. तेथील विद्यार्थ्यांच्या वह्यांतून गेली अनेक वर्षे या प्रश्नाची उत्तरे लिहिली जात आहेत. त्यांपैकी कितीतरी वह्या व्यापारी पेठेतील घरांत, दुकानावरच्या माडीवर बसून लिहिल्या जातात. खाली तुरीच्या पोत्यांची मोजणी चालू असते आणि वर आफ्रिकेतील उपासमारीविषयी पुस्तकातील उतारा वहीत उतरत असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या घरातील कोणालाच फारसे वाटत नाही.

तो संबंध मात्र अत्यंत निकटचा आहे. तो ओळखला तर एरवी केवळ उत्तीर्ण होण्यापुरता अभ्यासला जाणारा हा विषय व्यापारी घरातील मुलामुलींच्या आयुष्यात फार मोलाचा ठरू शकतो.

पेपर आला कोठून?

पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केलेला सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम देशभरातील पदवी वर्गांना लागू झाला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. या भारती विद्यापीठाचे संस्थापक पतंगराव कदम हे मूळचे सांगली जिल्ह्यातील सोनसळचे. हा अभ्यासक्रम दूर दिल्लीत ठरला असला तरी त्याच्या पुस्तकाचा एक धागा असा आपल्याच मातीशी जोडलेला आहे.

अभ्यासक्रमात ‘अन्नसंपदा’ या घटकाखाली दिलेले मुद्दे मुळातूनच वाचण्यासारखे आहेत. जागतिक अन्नसमस्या, शेती व अतिचराईमुळे होणारे बदल, आधुनिक शेतीचे परिणाम, खते आणि कीटकनाशके यांचे प्रश्न, जमिनीत पाणी साचणे, क्षारता, आणि अखेरीस प्रत्यक्ष उदाहरणांचा अभ्यास. आयोगाच्या नमुन्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रभेटीला ठेवलेले आहेत. विद्यार्थ्याने घराबाहेर पडावे, पाहावे, विचारावे आणि मग लिहावे, हाच त्यामागचा उद्देश होय.

प्रत्यक्षात पुष्कळदा घडते ते निराळे. मागील वर्षीची वही मिळवून तिची नक्कल होते. मुखपृष्ठावर रंगीत चित्र चिकटवले जाते. आत लोकसंख्यावाढ, दुष्काळ आणि कुपोषण यांवर ठरीव परिच्छेद येतात. विद्यार्थ्याला गुण मिळतात, पालकांना समाधान मिळते, आणि वही रद्दीत जाते. ज्या घरात तीन पिढ्यांचा धान्य-किराण्याचा अनुभव साठलेला आहे, त्या घरातील मुलाने अन्नप्रश्नावर उसने परिच्छेद लिहावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

फळीवरचा भूगोल

सांगलीच्या गणपती पेठेतील कोणत्याही दुकानाची एक फळी घ्यावी आणि तीवरील प्रत्येक जिन्नस कोठून आला, एवढेच विचारावे. अन्नप्रश्नाचा जागतिक नकाशा तेथेच उलगडू लागतो.

तूरडाळच पाहू. कडधान्यांचे उत्पादन आणि त्यांचा खप, या दोहोंतही भारत जगात पहिला आहे. तरीही देशाची गरज घरच्या पिकात भागत नाही. २०१५ च्या पावसाळ्यानंतर तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या घरात गेला होता, हे प्रत्येक गृहिणीला आठवत असेल. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, भारताने मोझांबिकशी तूर आणि इतर कडधान्यांच्या आयातीचा करार केला. म्यानमार, मलावी, टांझानिया या देशांतूनही तूर येते. म्हणजे सांगलीच्या ताटातील वरणाचा संबंध पूर्व आफ्रिकेतील एखाद्या लहान शेतकऱ्याशी जोडला गेला आहे. तेथे पाऊस लांबला, की येथे वाणसामानाच्या यादीवर त्याचा आकडा उमटतो.

तेलाच्या डब्याचेही असेच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि तेथून येणाऱ्या सूर्यफूल तेलाची आवक अडखळली. पाठोपाठ उष्णतेच्या लाटेने उत्तर भारतातील गव्हाचे नुकसान केले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. जुलै २०२३ मध्ये बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यातही थांबविण्यात आली. ती २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा खुली झाली. जगातील तांदळाच्या एकूण व्यापारात भारताचा वाटा सुमारे चाळीस टक्के आहे. बेनिन, सेनेगल यांसारखे पश्चिम आफ्रिकेतील देश भारतीय तांदळावर मोठ्या प्रमाणावर अवलंबून आहेत. येथील गरीब ग्राहकाला दिलासा देणारा एक निर्णय तेथील गरीब ग्राहकाचा घास महाग करतो. हा पेच कोणत्याही परिच्छेदपाठाने कळणार नाही. ज्या मुलाच्या वडिलांनी त्या दिवशी दूरध्वनीवर तांदळाचे भाव विचारले, त्याला तो अधिक सहज कळेल.

दोन जिल्हे, अनेक उदाहरणे

अभ्यासक्रमातील ‘क्षारता’ या शब्दाचा अर्थ शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज परिसरात उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी आणि रासायनिक खते दिली गेली. काळ्या, चिकण जमिनीतून पाण्याचा निचरा झाला नाही. भूजलाची पातळी वर आली, तिच्यासोबत क्षार वर आले, आणि एके काळी सोन्यासारखी असलेली जमीन पांढरी पडली. शेतकरी तिला क्षारपड म्हणतो. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याचे प्रयत्न या भागात चालू आहेत; त्यांस खर्चही मोठा येतो. अशा शेताच्या बांधावर उभे राहून ज्याने मातीची पांढरी पापडी हातात घेतली, त्याला ‘आधुनिक शेतीचे परिणाम’ हा मुद्दा पाठ करावा लागत नाही.

याच दोन जिल्ह्यांत, काही तासांच्या अंतरावर, अगदी उलट चित्र दिसते. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील जत-आटपाडी हे पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाचे तालुके. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाकडे चढविले आणि अनेक गावांचे रूप पालटले. तरीही पाणी किती, कोणाला आणि कोणत्या पिकाला, हा वाद मिटलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी पाठविण्यात आले. तहानलेल्या शहराकडे निघालेली ती गाडी मिरजेच्या स्थानकावर भरली जात असता ज्यांनी पाहिली, त्यांना अन्न आणि पाणी हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत हे निराळे सांगावे लागणार नाही.

तासगावच्या द्राक्षांचे आणि बेदाण्याचेही उदाहरण आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत एका वाढनियंत्रक रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि माल अडकून पडला. बागायतदार आणि निर्यातदार दोघांनाही जबर झळ बसली. त्यानंतर फवारणीच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील तपासण्या यांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. परक्या देशातील ग्राहकाच्या आरोग्यासाठी जी काळजी घेतली जाते, तीच सांगलीच्या बाजारात येणाऱ्या घोसाबाबत घेतली जाते काय, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या वहीत विचारला, तर त्या वहीला खरोखरच गुण द्यावेत.

घरातील वृद्ध मंडळी हाही एक ग्रंथच असतो. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची न आवडणारी भाकरी, दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा या आठवणी आज सत्तरी ओलांडलेल्या आजीजवळ आहेत. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना बळावली आणि पुढे तिचा कायदा झाला. देशपातळीवरील रोजगार हमीला तिनेच वाट दाखविली. आजीच्या तोंडून ऐकलेली दोन पाने उतरवून घेतली, तर जगाला महाराष्ट्राने दिलेल्या एका उत्तराची नोंद आपोआप होते.

साताऱ्याचे वसतिगृह

विद्यार्थी आणि अन्न यांचा विचार साताऱ्यात करताना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याजवळ थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जन्मलेल्या, मूळच्या ऐतवडे बुद्रुकच्या या जैन कुटुंबातील पुरुषाने आयुष्याच्या पूर्वार्धात किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव खपविले. नांगर विकताना त्यांनी शेतकऱ्याचे दारिद्र्य आणि त्याच्या मुलांचे अज्ञान जवळून पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

त्या काळी धान्याची विवंचना नित्याची होती. एकदा वसतिगृहात शिधा संपला आणि भाऊराव परगावी होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुले उपाशी राहू नयेत म्हणून आपले सौभाग्यलेणे मोडले, ही कथा साताऱ्यातील घराघरांत सांगितली जाते. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. तेथे ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी शेतात राबत, आणि त्या श्रमावर शिकत. अन्नप्रश्नावर निबंध लिहिण्याआधी या मुलांनी अन्न पिकविले होते, शिजविले होते आणि वाटून खाल्ले होते.

आजच्या व्यापारी घरातील मुलाला नांगर धरण्याची गरज नाही. परंतु ज्या समाजाने हा कर्मवीर दिला, त्या समाजातील विद्यार्थ्याच्या वहीत भुकेविषयी एखादे तरी वाक्य स्वतःच्या अनुभवाचे असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

साठा आणि साठेबाजी

येथे एक अवघड वळण येते आणि ते टाळून चालणार नाही. अन्नसमस्येवरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत व्यापाऱ्याचा उल्लेख येतो तो साठेबाज म्हणून. त्या ओळी व्यापाऱ्याच्या मुलाने कशा लिहाव्यात? गप्प राहून त्या उतरवाव्यात, की रागाने गाळून टाकाव्यात? दोन्ही मार्ग सारखेच निरुपयोगी आहेत.

साठा हा पाप नव्हे. पीक वर्षातून एकदा किंवा दोनदा येते आणि माणूस रोज जेवतो. मधल्या महिन्यांत कोणीतरी धान्य राखावेच लागते. आपल्या पूर्वजांच्या घरी कणग्या होत्या. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीसाठी जमिनीत खोल पेवे खणलेली होती. त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिके. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवांची हानी केली. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याचा माल घेणारा आणि टंचाईच्या दिवसांत तो ग्राहकापर्यंत पोहोचविणारा व्यापारी समाजाचे मोठे काम करतो.

परंतु हाच साठा भाव चढविण्यासाठी अडविला गेला, की त्याचे स्वरूप पालटते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की त्या वर्षी बंगालात उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले, त्यात साठेबाजीने भर घातली, आणि शेतमजूर, मच्छीमार, गावचे कारागीर यांची मजुरी त्या भावाला पुरी पडेना. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत नव्हती.

जैन श्रावकाला या बाबतीत परक्या शास्त्राची गरज पडू नये. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत वजनमापात कमीजास्त करणे, खऱ्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे आणि राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे यांचा स्पष्ट अंतर्भाव आहे. आजच्या भाषेत त्यांना वजनकाटा, भेसळ आणि साठामर्यादा असे म्हणता येईल. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तूर आणि उडीद यांवर साठामर्यादा घातली, तेव्हा घाऊक व्यापाऱ्यास २०० टन आणि किरकोळ दुकानदारास ५ टन अशी मर्यादा होती. हा नियम योग्य होता काय? त्याने भाव उतरले काय? लहान व्यापाऱ्याला त्याचा जाच झाला काय? वडिलांना हे प्रश्न विचारून त्यांचे उत्तर, आणि त्यावर स्वतःचे मत, अशा दोन्ही गोष्टी वहीत लिहिता येतील. मत भिन्न पडले तरी हरकत नाही. ज्या घरात मुलगी असा प्रश्न निर्भयपणे विचारते आणि वडील हिशेबाची वही पुढे ठेवून उत्तर देतात, त्या घराची पत बाजारात उगाच टिकून राहत नाही.

ताटात राहिलेले अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात ७१ ते ७६ कोटी माणसे भुकेली होती. त्याआधीच्या वर्षी, २०२२ मध्ये, दुकाने, खानावळी आणि घरे यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील जवळजवळ साठ टक्के केवळ घरांतून गेले.

ताटात उष्टे टाकू नये, हा संस्कार जैन घरांत फार जुना आहे. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिणारी ज्येष्ठ मंडळी आजही दिसतात. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, म्हणजेच ऊनोदर, हे बाह्य तपांत गणले गेले आहे. चार दानांत आहारदानाला मानाचे स्थान आहे. असे असूनही अलीकडील विवाहसमारंभांत पदार्थांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि रात्री मांडवामागे काय उरते, हे वाढप्यांना ठाऊक असते.

क्षेत्रभेटीसाठी याहून योग्य जागा मिळणार नाही. एखाद्या समारंभात यजमानांच्या संमतीने दोन विद्यार्थ्यांनी वजनकाटा घेऊन उभे राहावे. किती माणसे जेवली, ताटांत किती किलो अन्न राहिले, पातेल्यांत किती उरले, आणि उरलेले कोठे गेले, याची नोंद करावी. एका पानाचा तो तक्ता दहा पानांच्या उताऱ्यांहून अधिक सांगेल. असे दोन-चार तक्ते समाजाच्या सभेत वाचले गेले, तर पदार्थांची संख्या कमी करण्याचा ठराव करण्यास भाषणांची आवश्यकता उरणार नाही.

वही कशी लिहावी?

उत्तम प्रकल्पवहीस मोठ्या साधनांची गरज नसते. एकच जिन्नस किंवा एकच जागा निवडावी. तूरडाळ, हळद, बेदाणा, कोरेगावचा वाघ्या घेवडा, रेशनचे दुकान, क्षारपड शेत, लग्नाचा मांडव यांपैकी काहीही चालेल. त्याविषयी निदान तीन माणसांशी बोलावे : पिकविणारा, विकणारा आणि विकत घेणारा. शक्य तर चौथा हमालही असावा, कारण पोत्याचे वजन त्याच्या पाठीला माहीत असते. आकडा लिहिताना तो कोणी सांगितला आणि कोणत्या वर्षाचा, हे लिहावे. मग पुस्तक उघडावे आणि आपण पाहिलेले त्यातील विवेचनाशी जुळते का, हे तपासावे. जेथे जुळत नाही, तेथे थांबून विचार करावा. बहुधा तेच वहीतील सर्वांत चांगले पान ठरते.

पालकांनीही थोडा वेळ द्यावा. मुलाने विचारले, ‘पप्पा, ही डाळ कोठून आली?’ तर ‘तुला काय करायचंय, अभ्यास कर’ असे उत्तर देऊ नये. तो अभ्यासच करीत असतो.

महाविद्यालयात देण्यापूर्वी ही वही एकदा रात्री, दुकान बंद झाल्यावर, घरच्यांसमोर वाचावी. आजोबा एखाद्या सालाची दुरुस्ती सुचवतील, आई भावाचा खरा आकडा सांगेल, वडील कदाचित एखाद्या ओळीपाशी थोडे गप्प होतील. दुसऱ्या दिवशी ती वही जमा होईल आणि तिच्यावर पंचवीसपैकी गुण पडतील. घरी दुकानाची फळी तशीच राहील. मात्र तीवरील डाळीकडे पाहताना निदान एका माणसाला ती कोणाच्या शेतातून निघाली आणि कोणाच्या ताटापर्यंत पोहोचायची आहे, हे आठवत राहील.